एक झाड, एक पावसाळा



रायगड जिल्ह्याच्या नकाशात पोलादपूर तालुका शोधा. या तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी उमरठ नावाचे गाव आहे. नरवीर तानाजी मालुसरे यांचे हे गाव. १६७० साली कोंढाणा किल्ला जिंकताना तानाजींना वीरमरण आले. त्यांची समाधी उमरठला आहे. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ही हकिकत वाचली असेल.

आज आपण या गावाकडे एका वेगळ्या कारणासाठी पाहणार आहोत. उमरठच्या सभोवती डोंगर आहेत. उतारावर रान आहे आणि खाली भातखाचरे आहेत. जून महिन्यात पाऊस सुरू झाला, की काही दिवसांत सारा परिसर हिरवा होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास भात पिवळे पडते. उन्हाळ्यात तेच डोंगर करडे दिसू लागतात. एकाच गावात वर्षभरात जणू तीन वेगवेगळी गावे पाहायला मिळतात.

समजा, तुम्ही उमरठला राहता. ऋतू कसे बदलतात, हे तुम्हाला वर्षभर नीट पाहायचे आहे. त्यासाठी तुम्ही कोणती जागा निवडाल? डोंगराचा उंच कडा? लांबचा एखादा धबधबा? की शाळेच्या वाटेवरचे एखादे साधे झाड? उत्तराची घाई करू नका. आधी एका थोर माणसाची गोष्ट वाचा. या माणसाने रायगड जिल्ह्यातच, समुद्रकाठच्या एका गावात, असेच एक साधे झाड निवडले होते. त्या झाडाखाली त्याने जे पाहिले, ते जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचले. त्यांचे नाव डॉ. सालिम अली.

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. आईवडिलांचे छत्र हरपलेल्या या मुलांना त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सांभाळले. मुंबईतील खेतवाडीच्या त्या मोठ्या घरात सालिम वाढले.

मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी लहानग्या सालिमला एक छऱ्यांची बंदूक दिली. एके दिवशी सालिमने त्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिला हातात घेतल्यावर त्याला नवल वाटले. ती नेहमीच्या चिमणीसारखीच होती, पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी? मामांना सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करते. मामांनी सालिमला संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यासमोर जाताना हिंदी मुलांची छाती धडधडत असे. सालिमही भीत भीतच गेला. पण मिलार्डसाहेबांनी त्याला प्रेमाने जवळ घेतले. ती पिवळ्या कंठाची रानचिमणी आहे, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. आपल्या आजूबाजूला इतक्या प्रकारचे पक्षी राहतात, हे सालिमला त्या दिवशी प्रथमच कळले. मुलांनो, मारलेल्या एका चिमणीने त्यांना पक्ष्यांच्या जगात आणले. पुढे त्यांनी उभे आयुष्य जिवंत पक्षी पाहण्यात आणि त्यांचे रक्षण करण्यात घालवले.

शाळेत मात्र सालिम फारसे हुशार गणले जात नव्हते. गणित त्यांना जड जाई. डोकेदुखीचा त्रासही होता. कसेबसे ते मॅट्रिक झाले आणि त्यानंतर घरच्या व्यवसायाला मदत करण्यासाठी ब्रह्मदेशात गेले. ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार. तिथे खाणी आणि लाकूड यांचा व्यापार होता. पण सालिम यांचे लक्ष हिशेबाच्या वह्यांपेक्षा जंगलातल्या पक्ष्यांकडे अधिक असे. व्यवसाय चालला नाही. १९१७ साली ते मुंबईला परतले. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह तेहमिना यांच्याशी झाला. झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर यांच्या सल्ल्याने त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. तरी विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती आणि ही उणीव त्यांना पुढे फार जाणवली.

१९२६ साली त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात नोकरी मिळाली. या संग्रहालयाला आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. तिथे लोकांना प्राण्यांची आणि पक्ष्यांची माहिती सांगण्याचे काम त्यांच्याकडे होते. पगार महिना ३५० रुपये होता. त्या काळी ही रक्कम चांगली मोठी होती. पण संग्रहालयातले पक्षी हलत नव्हते, गात नव्हते, घरटी बांधत नव्हते. सालिम अलींना अधिक शिकायचे होते. १९२८ साली त्यांनी रजा घेतली आणि ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन स्ट्रेसमन हे पक्षिशास्त्राचे मोठे जाणकार होते. पक्ष्यांचा अभ्यास शास्त्रीय रीतीने कसा करावा, हे सालिम अली त्यांच्याकडून शिकले. जिवंत पक्ष्याच्या वागण्याचाही अभ्यास करायचा असतो, ही नवी दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने मायदेशी परतले. मुंबईत आल्यावर त्यांना कळले, की त्यांची नोकरीच उरलेली नाही. पैसे नाहीत म्हणून संग्रहालयाने ती जागा बंद केली होती. वय तेहतीस वर्षांचे. घरी पत्नी. हाती पदवी नाही. पक्षी पाहणाऱ्या माणसाला नोकरी कोण देणार? मुंबईत भाड्याचे घर घेऊन राहणेही परवडण्यासारखे नव्हते. अशा वेळी अनेक जण आपला छंद सोडून देतात. सालिम अलींनी तसे केले नाही. तेहमिना यांनी त्यांना धीर दिला आणि दोघे मुंबई सोडून किहीमला राहायला गेले.

किहीम हे अलिबाग तालुक्यातले समुद्रकाठचे छोटे गाव. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. किहीमला ना प्रयोगशाळा होती, ना ग्रंथालय. मदतनीस नव्हते आणि पैसाही नव्हता. पण घराजवळच्या एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती.

मित्रांनो, सुगरण पक्षी तुम्हाला ठाऊक आहे. उर्दूत आपण त्याला बया म्हणतो. मराठीतही त्याला बया हे नाव आहे. सुगरण या शब्दाचा दुसरा अर्थ म्हणजे उत्तम स्वयंपाक करणारी स्त्री. विणीच्या काळाबाहेर हा पक्षी चिमणीसारखा तपकिरी दिसतो. पण पावसाळा जवळ आला, की नराचे रूप पालटते. त्याचे डोके आणि छाती पिवळीधमक होतात. मग बाभळीच्या, शिंदीच्या किंवा विहिरीवर वाकलेल्या एखाद्या झाडाच्या फांद्यांना त्याची लांब नळीची घरटी लटकू लागतात.

अशी घरटी सालिम अलींच्या आधी लाखो लोकांनी पाहिली होती. कवींनी त्यांची स्तुती केली होती. तरीही या पक्ष्याचा संसार नेमका कसा चालतो, हे नीट कळलेले नव्हते. झाडावर काही घरटी पूर्ण असतात, तर काही अर्धवट असतात. ही अर्धवट घरटी कशासाठी? लोक निरनिराळे तर्क करीत. नराने झोके घेण्यासाठी तो झोपाळा बांधला आहे, असेही कोणी म्हणत. घरट्यात मातीचे छोटे गोळे चिकटवलेले सापडतात. सुगरण त्यांत काजवे खोचून रात्री दिवा लावते, अशीही एक समजूत होती. ऐकायला ही गोष्ट गोड आहे. पण तिला निरीक्षणाचा आधार मिळालेला नाही.

सालिम अलींनी तर्क केला नाही. त्यांनी ते झाड हीच आपली प्रयोगशाळा मानली. ते झाड फार सुंदर होते किंवा फार मोठे होते, असे नाही. ते घराजवळ होते, हा त्याचा मोठा गुण. तिथे सकाळी जाता येई, संध्याकाळी जाता येई. पावसाची सर आली तर घरी परतता येई आणि सर ओसरली की पुन्हा जाता येई. दुसरा गुण असा, की एकाच झाडावर अनेक घरटी होती. म्हणजे एका जागी बसून अनेक कुटुंबांचे व्यवहार पाहता येत होते. पाऊस सुरू झाला आणि सालिम अलींचे काम सुरू झाले. ते काही महिने चालले.

त्यांनी काय पाहिले, ते आता क्रमाने पाहू.

पावसाने गवत आणि भाताची पाती लांब वाढली, की नर कामाला लागतात. नर पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो आणि लांब पट्टी सोलून उडतो. अशा पट्ट्या आणून तो त्या फांदीला गुंडाळतो आणि विणतो. एक घरटे पूर्ण करण्यासाठी त्याला शेकडो खेपा कराव्या लागतात. आठवडाभरात घरटे अर्धे होते. तेव्हा ते उलट्या टोपीसारखे दिसते. मध्ये एक आडवी दोरी असते आणि खालची बाजू उघडी असते. इथे नर काम थांबवतो.

आता माद्यांची एक टोळी झाडावर येते. सगळे नर पंख फडफडवून एकच गलका करतात. माद्या एकेका घरट्यात शिरतात. चोचीने ओढून पाहतात. आवडले नाही तर निघून जातात. आवडले तर एखादी मादी तिथेच ठाण मांडते. अर्धवट घरट्याचे कोडे इथे सुटते. ते घरटे टाकून दिलेले नसते, तो झोपाळाही नसतो. ते पसंतीसाठी थांबलेले असते. मादीने पसंत केले, की नर उरलेले काम पुरे करतो आणि खाली नळीसारखा लांब दरवाजा विणतो. ज्या घरट्याला पसंती मिळत नाही, ते अर्धवटच राहते.

मादी घरट्यात दोन ते चार पांढरी अंडी घालते. सुमारे दोन आठवडे ती ती उबवते. पिल्लांना किडे आणून भरवण्याचा मुख्य भारही तिच्यावरच असतो. आणि नर? तो जवळच दुसरे घरटे विणायला घेतो. तेही अर्धे झाले की तो थांबतो, पंख फडफडवतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. अशा रीतीने एकाच मोसमात एक नर एकामागून एक असे अनेक संसार मांडतो. सुगरण पक्ष्याची ही रीत सालिम अलींनी किहीमच्या झाडावर उलगडून दाखवली. आणखी एक गंमत तुमच्या लक्षात आली का? मराठीत आपण या पक्ष्याला सुगरण असे स्त्रीचे नाव दिले. पण विणकाम करणारा कारागीर आहे नर! मादी आतली बाजू मऊ आणि नीटनेटकी करते, एवढेच.

विचार करा, हे सारे एका दिवसात दिसले असते का? जो माणूस जूनमध्ये एकदा आला असता, त्याला फक्त विणणारे नर दिसले असते. जो ऑगस्टमध्ये एकदा आला असता, त्याला पिल्लांना भरवणाऱ्या माद्या दिसल्या असत्या. दोघांनी खरेच पाहिले असते आणि तरी दोघांनाही अर्धेच कळले असते. कोणते घरटे कधी सुरू झाले, कोणत्या दिवशी त्याला पसंती मिळाली, त्यानंतर तो नर कुठे गेला, हा हिशेब रोज त्याच जागी जाणाऱ्यालाच लागतो. ऋतू हा एका दिवसाचा देखावा नाही. तो एक क्रम आहे. म्हणून ऋतू पाहायचा असेल, तर जागा अशी हवी, की जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल.

सालिम अलींनी आपली निरीक्षणे १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या लेखामुळे पक्षिशास्त्रज्ञांमध्ये त्यांचे नाव झाले. नोकरी गेल्यामुळे ते किहीमला गेले होते आणि किहीमच्या एका झाडाने त्यांना त्यांचे खरे काम मिळवून दिले.

अशा धीराने पाहण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. मुघल बादशहा जहांगीर याच्याकडे सारस पक्ष्यांची एक पाळीव जोडी होती. लैला आणि मजनू अशी त्यांची नावे. त्या जोडीने अंडी घातली, तेव्हा अंड्यांवर कोण कधी बसते आणि पिल्ले कधी बाहेर येतात, हे बादशहाने बारकाईने पाहिले आणि आपल्या तुझुक-इ-जहांगिरी या आत्मचरित्रात लिहून ठेवले. मुघल बादशहांच्या या निसर्गप्रेमावर सालिम अलींनी लेखमाला लिहिली होती. बादशहाकडे राजवाडा होता, चित्रकार होते, नोकरचाकर होते. सालिम अलींकडे एक झाड आणि एक वही होती. पण दोघांचा गुण एकच होता. एकच गोष्ट शेवटपर्यंत पाहण्याचा धीर दोघांकडे होता.

किहीमनंतर सालिम अली देशभर फिरले. हैदराबाद, त्रावणकोर अशा अनेक संस्थानांतील पक्ष्यांची त्यांनी पाहणी केली. तेहमिना यांनी मोहिमांमध्ये त्यांना साथ दिली. रानातल्या तंबूत राहण्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. सालिम अलींवर हा फार मोठा आघात होता. ते बहीण आणि मेहुणे यांच्याकडे राहू लागले आणि पुन्हा कामात बुडाले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. या पुस्तकाने हजारो सामान्य वाचकांना पक्षी ओळखायला शिकवले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खंड १९६८ साली निघाला, तेव्हा सालिम अलींचे वय सत्तरीपार होते. शेवटचा खंड १९७४ साली आला.

पुन्हा पुन्हा त्याच जागी जाण्याची सवय त्यांनी पुढेही सोडली नाही. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळ जागेवर हिवाळ्यात दूरदूरच्या थंड प्रदेशांतून पक्षी येतात. पक्ष्यांच्या पायांत हलके कडे घालून त्यांचा प्रवास समजून घेण्याचे काम सालिम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षे केले. भरतपूरचे पाणथळ क्षेत्र वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात बुडू नये, म्हणूनही त्यांनी आवाज उठवला. एखादी जागा वाचवा असे सांगायचे, तर तिथे काय आहे हे आधी माहीत असावे लागते. ती माहिती तिथे वर्षानुवर्षे जाणारा माणूसच देऊ शकतो.

भारत सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण देऊन गौरवले. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सालिम अलींचा जन्मदिवस.

आता आपण उमरठला परत येऊ. सुरुवातीचा प्रश्न आठवतो ना? आता सांगा, कोणती जागा निवडाल?

उंच कड्यावरून दूरचे दिसेल, पण तिथे रोज जाता येणार नाही. धबधबा पावसाळ्यात गर्जेल, पण उन्हाळ्यात तिथे पाणी नसेल आणि तुम्हीही तिकडे फिरकणार नाही. शिवाय सुरक्षिततेचाही विचार हवा. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर आणि महाडवरून समुद्राकडे जाते. उन्हाळ्यात ती शांत असते. पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिच्या पुरात महाडजवळचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. दोन्ही वेळी अनेकांचे प्राण गेले. म्हणून पुराच्या काठावर, तुटलेल्या उताराखाली किंवा घसरड्या वाटेवर आपली जागा कधीही निवडू नये. घरातल्या मोठ्या माणसांना विचारूनच जागा ठरवावी. जमीन दुसऱ्याची असेल, तर मालकाची परवानगी घ्यावी.

मग कोणती जागा चांगली? भातखाचराच्या बांधावरचे आंब्याचे झाड. विहिरीजवळची शिंदी. मशिदीच्या किंवा शाळेच्या आवारातला पिंपळ. घरामागची करवंदाची जाळी. यांपैकी एक निवडा. एकच निवडा. दोन-तीन जागा घेतल्या, तर एकही पुरी होत नाही.

त्या जागी वर्षभरात काय काय दिसेल? महाड-पोलादपूरच्या भागात मे महिन्याच्या शेवटी रात्री काजवे चमकू लागतात आणि दिवसा पावशा पक्ष्याची साद ऐकू येते. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला, की बेडूक ओरडू लागतात. जुलैमध्ये भाताची लावणी होते. ऑगस्टमध्ये तेरडा फुलतो आणि सुगरणीची घरटी वाऱ्यावर डोलतात. ऑक्टोबरमध्ये भात कापणीला येते. त्याच सुमारास शेपटी सतत वरखाली हलवणारा धोबी पक्षी उत्तरेकडून येतो आणि उन्हाळ्यापूर्वी परत जातो. हिवाळ्यात आंब्याला मोहोर येतो. काट्यांची सावर पाने गाळते आणि लाल फुलांनी भरते. त्या फुलांवर मैना आणि बुलबुल गर्दी करतात. पुढे पळस आणि पांगारा फुलतात. एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लटकतात आणि करवंदे काळी होतात. तोवर पुन्हा पावशाची साद ऐकू येते. हा क्रम पुस्तकात वाचणे सोपे आहे. पण तुमच्या झाडाला मोहोर नेमका कोणत्या दिवशी आला, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते फक्त तुमच्या वहीत असेल.

वही ठेवताना तारीख लिहायला विसरू नका. आपले हिजरी महिने चंद्रावर चालतात. ते दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतात. त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात येतो, तर कधी हिवाळ्यात. ऋतू मात्र सूर्यावर चालतात. म्हणूनच शेतकरी मृग, आर्द्रा अशा नक्षत्रांवरून पावसाचा अंदाज बांधतात, कारण मृग नक्षत्र दरवर्षी ७ जूनच्या आसपासच लागते. तुम्ही वहीत इंग्रजी महिन्याची तारीख लिहा. मग यंदाचा मोहोर आणि पुढच्या वर्षीचा मोहोर यांची तुलना करता येईल.

डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. ऐकलेली गोष्ट लिहायची असेल, तर ती ऐकलेली आहे असे नोंदवा. ज्या दिवशी काही दिसले नाही, त्या दिवशी काही दिसले नाही असे लिहा. तीही नोंदच आहे. घरट्याला हात लावू नका, अंडी उचलू नका, पिल्लांच्या फार जवळ जाऊ नका. तुमच्या येण्याने पक्षी घाबरून उडाला, तर तुम्ही त्याचा खरा व्यवहार पाहूच शकणार नाही.

सालिम अलींना मोठी प्रयोगशाळा मिळाली नाही, म्हणून ते थांबले नाहीत. हातची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी घराजवळच्या झाडाकडे पाहिले आणि पावसाळाभर पाहत राहिले. तुमच्या घराजवळही एखादे झाड नक्कीच असेल. उद्या सकाळी शाळेत येताना त्याच्याजवळ पाच मिनिटे थांबा. परवाही थांबा. तेरवाही थांबा.

स्वाध्याय

१. सालिम अली किहीमला राहायला का गेले?
२. सुगरण पक्ष्याची काही घरटी अर्धवट का राहतात? तुमच्या शब्दांत सांगा.
३. किहीमच्या झाडाचे कोणते दोन गुण सालिम अलींना उपयोगी पडले?
४. एकदाच येऊन पाहणाऱ्या माणसाला अर्धेच का कळते? पाठातील उदाहरण देऊन लिहा.
५. निसर्गाच्या नोंदवहीत हिजरी महिन्याऐवजी इंग्रजी महिन्याची तारीख का लिहावी?

उपक्रम : घराजवळची एक सुरक्षित जागा निवडा. आठवड्यातून किमान तीन दिवस, एकाच वेळी तिथे दहा मिनिटे बसा. तारीख, हवा, पाने, फुले, पक्षी आणि किडे यांची नोंद करा. तीन महिन्यांनी वर्गात आपली वही वाचून दाखवा.